घाटाच्या पायऱ्या आणि पुराची वाट: दूधगंगेकाठच्या आमच्या गावातल्या कामाच्या नोंदी

१४ मे २०२४

मतदान होऊन आठवडा झाला, भिंतीवरचे हात-कमळ अजून पुसले नाहीत आणि आमच्या हातात रंगाचा डबा आला. पुराच्या खुणा करायचं काम आजपासून. गाव कर्नाटकात, सीमेलगत, बोलणं मराठी. माणसं चारच. मी (स्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान), गुरुजी (रिटायर, आमच्यात कन्नड सरळ वाचणारे तेवढेच), गवंडीमामा आणि आशाताई (गावातली आशा कार्यकर्ती). ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना सांगून ठेवलंय. ते "करा की" म्हणाले. म्हणजे पैसे नाहीत.

काम असं. गावात कुणालाही विचारा, पूर आला की कधी निघणार? उत्तर एकच, "उंबऱ्याला पाणी लागू दे, मग बघू." प्रत्येकाचा उंबरा वेगळ्या उंचीवर. नदीचं पाणी मोजायची जागा मात्र एकच, महादेवाच्या देवळाचा घाट. तर प्रत्येक घराचा, गोठ्याचा आणि वाटेचा घाटाच्या पायरीशी मेळ घालायचा. अमुक पायरी बुडाली की अमुक गोठा सोडायचा, एवढं पाठ झालं तरी पुष्कळ.

पायऱ्या मोजायच्या कुठून यावरच तासभर गेला. गुरुजी म्हणाले, खालून, पाणी खालून चढतं म्हणून. गवंडीमामा म्हणाले, खालच्या दरसाली गाळात जातात, यंदा तेवीस दिसतात, पुढच्या साली एकवीस दिसतील. मग वरून. सगळ्यात वरची ती पहिली. पाणी चढेल तसा आकडा कमी होत जाणार, हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्यात एक सोय आहे: आकडा कमी होत चाललाय म्हणजे वेळ कमी होत चाललाय.

१७ मे

उंची घ्यायला इंजिनियर लागत नाही. गवंड्याची पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक पायरीशी, दुसरं टोक कुणाच्या तरी उंबऱ्याशी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला थांबतं. आम्ही त्यात थोडं तंबाखूचं पाणी घातलं, रंग दिसावा म्हणून. निपाणी भागातल्या माणसाला रंग म्हटलं की दुसरं काय सुचणार.

दिवसात नऊ घरं झाली.

१९ मे

परवाची नऊच्या नऊ घरं पुसली. दुपारी उन्हात नळीत बुडबुडे धरले होते, लक्षात आलं नाही. एका घराचा उंबरा पुन्हा घेतला तर चार इंचांचा फरक. चार इंच म्हणजे अर्ध्या पायरीहून जास्त. आता सकाळी दहाच्या आत काम, नळी आधी पूर्ण उचलून बुडबुडे घालवायचे, आणि प्रत्येक माप दोनदा. चूक माझी. घाई मीच केली होती.

२६ मे

२०१९ आणि २०२१ च्या रेघा शोधतोय. नुसत्या आठवणीवर जायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. बरं झालं. माणसाच्या आठवणीतलं पाणी दरसाली वीतभर चढतं. एक आप्पा छातीवर हात ठेवून सांगत होते, "हितपर्यंत." त्यांच्याच घरात कपाटामागचा जुना चुना बघितला तर गाळाची तांबूस रेघ मांडीला. आप्पा खोटं बोलत नव्हते. अंधारात, पाण्यात उभ्या माणसाला ते छातीलाच वाटत असणार.

सगळ्यात पक्की खूण थोरल्या काकूंकडे मिळाली. २०१९ ला पाणी उतरल्यावर घर धुताना त्यांनी देवघराच्या चौकटीवर रेघेवर खिळा ठोकला होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सून इचारंल की कधीतरी, खरं का खोटं."

एकानं मात्र भिंतीवर रेघ मारू दिली नाही. पोराचं लग्न ठरायचंय, सोयरे बघायला आले आणि दारातच निळी पट्टी बघितली तर पोरगी कोण देणार? त्यांचंही बरोबर आहे. तिथं आतल्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली.

९ जून

आज एक गोष्ट कळली, आणि ती लिहायला पान लागेल.

गावाच्या वरच्या अंगाला, नदी येते तिकडं, २०१९ ची एक खूण आहे. खालच्या अंगाला, ओढा नदीला मिळतो तिथं, दुसरी. मधे अर्धा किलोमीटर. नळीच्या टप्प्याटप्प्यानं दोन्ही जोडल्या. फरक आला एक इंच. गवंडीमामांना वाटलं पुन्हा बुडबुडा. पुन्हा घेतलं. तेवढाच.

वाहत्या पाण्याला उतार असतो. उतार नाही म्हणजे पाणी वाहत नव्हतं, साठलं होतं. म्हातारी माणसं ज्याला फूग म्हणतात ती हीच. आमची दूधगंगा भोजजवळ वेदगंगेला घेते आणि खाली कल्लोळ-यडूरपाशी कृष्णेला मिळते. कृष्णा तिथं भरून आली की आमचं पाणी आत शिरत नाही. ते तटतं, मागं सरकतं, आणि ओढ्याओढ्यानं शिवारात उलटं चढतं. म्हणजे आमचा पूर समोरून येतो कमी, पाठीमागून येतो जास्त.

म्हणून आम्ही इतकी वर्षं चुकीच्या धरणाकडे बघत होतो. दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण २५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), त्यातून किती सोडलं एवढंच सगळे विचारतात. ते बघायलाच पाहिजे. पण राधानगरी आपल्या नदीवर नाही म्हणून तिकडं कुणी बघत नाही. राधानगरीचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत, पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत, आणि ती कृष्णा राजापूर बंधाऱ्यावरून पुढं येऊन आमच्या नदीच्या तोंडाशी उभी राहते. राधानगरीचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट). कोयनेचं पाणीही सांगलीवरून त्याच वाटेनं. कोयना १०५ टीएमसीची. एक लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं तर साडेआठ टीएमसीच्या वर जातं, म्हणजे तीन दिवसांत आमचं अख्खं काळम्मावाडी. हा हिशेब गुरुजींनी पारावर खडूनं मांडून दाखवला, तेव्हा पोरं गप्प झाली.

मग व्हायचं ते झालं. विषय अलमट्टीवर गेला, कृष्णेवर खाली कर्नाटकातलं मोठं धरण ते. एकजण म्हणाला, सगळं त्या धरणाचं पाप. दुसरा म्हणाला, पुराचा अभ्यास करायला महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं तसं म्हटलेलं नाही. तिसरा म्हणाला, आता पाणीसाठ्याची पातळी ५१९.६० मीटर आहे, ५२४.२५६ करणार आहेत, तेव्हा कळेल. आमची गंमत अशी की पाणी तुंबलं की आम्ही महाराष्ट्रासारखे बोलतो आणि एप्रिलमध्ये नदी कोरडी पडली, कोयनेचं पाणी सोडा म्हणायची वेळ आली, की कर्नाटकासारखे. माझं मत विचाराल तर अलमट्टीचा वाद चारजणांनी पारावर सुटणारा नाही आणि त्याच्यावाचून आमचं काम अडतही नाही. पाणी कुणामुळं तुंबतं ते कोर्टात ठरू दे. ते तुंबलं की आधी काय बुडतं, हे आम्ही ठरवू शकतो.

पाराखालच्या आज्ज्यांनी सगळं ऐकून एवढंच म्हटलं: "वरचं पाणी पावणं, आलं तसं जातंय. फुगीचं पाणी घरजावाय."

११ जून

काय आधी बुडतं ते सापडलं. घर नाही, वाट.

खालच्या गल्लीतले उंबरे चौथ्या पायरीच्या पातळीला आहेत. माळावर जायची पाणंद ओढा ओलांडते ती जागा नवव्या पायरीला. पाच पायऱ्यांचा, जवळजवळ तीन फुटांचा फरक. फुगीचं पाणी पाच-सहा तासांत एक पायरी चढतं असं धरलं तर घर कोरडं असताना वाट दिवसभर आधी बंद झालेली असते. २०१९ ला हेच झालं. माणसं उंबऱ्याकडं बघत बसली आणि पाठीमागं पाणंद गेली. मग जनावरं पोहत, माणसं नावेत. त्याच दिवसांत यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर होतं, बाहेरून मदत यायची तरी कशी.

बारावी पायरी नक्की केली. बारावी बुडाली की खालच्या गल्लीची म्हसरं माळावर. घाटाच्या बाजूच्या भिंतीवर बाराच्या रेषेत तांबडा पट्टा मारला, खाली मराठीत आणि कन्नडमध्ये.

२० जून

उद्या बेंदूर. शिंगं रंगवताना माणसं मोकळी बोलतात, म्हणून जनावरांची यादी आजच केली. खालच्या गल्लीत म्हशी-गाई मिळून ८४, शेळ्या वेगळ्या. आशाताईंची यादी दुसरी: दिवस भरत आलेल्या दोघी, अंथरुणावर चौघं, डायलिसिसला जाणारे एक. त्यांच्यासाठी बारावी पायरीसुद्धा उशिरा. पंधरावी लिहिली.

८ जुलै

नदीकाठच्या मोटारी वर ओढायला सुरुवात. माझं सीझनचं पहिलं काम.

शहरातले पाहुणे विचारतात, मोटार एकदाच उंचावर का नाही बसवत? मोनोब्लॉक पंप पाणी वीस-बावीस फुटांहून जास्त खालून ओढत नाही. उन्हाळ्यात नदी खाली जाते तशी मोटार खाली न्यावी लागते आणि पावसाळ्यात पाणी चढेल तशी टप्प्याटप्प्यानं वर. साखळी, दांडे, आठ माणसं, चिखल. रात्री दोनला फोन येतो आणि जावं लागतं, कारण स्टार्टरची पेटी बुडाली तर त्याचा खर्च वेगळा.

त्या गडबडीत एक फायदा झाला. मोटारवाली माणसं नदीवर तासातासाला असतातच. त्यांनाच पायरी बघून ग्रुपवर टाकायला सांगितलं. आज: १९.

१७ जुलै

१६. पाऊस लागून आहे. कारदगा-भोज पूल आणि मलिकवाड-दत्तवाड पूल पाण्याखाली. दत्तवाडच्या बाजूला ज्यांची रानं आहेत त्यांना आता शेजारच्या रानात जायला तालुका फिरून जावं लागणार.

२२ जुलै

सकाळी १४, संध्याकाळी १३. आशाताईंच्या यादीतली माणसं कालच हलवली. बाकी लोक पट्ट्याकडं बघून चहा पितात.

महाराष्ट्रातल्या शिरोळकडचे पाहुणे तिकडचे पुराचे तक्ते मराठीत पाठवतात. त्यात फूट आणि इंच, पंचगंगा इशारा ३९, धोका ४३. आमच्याकडं तालुक्याहून येतं ते कन्नडमध्ये आणि क्युसेकमध्ये. पाणी एकच, भाषा दोन आणि मापंही दोन. गुरुजी रात्री दोन्ही एका कागदावर मांडतात आणि फोटो टाकतात. या सगळ्या कामात सगळ्यात उपयोगाची वस्तू कुठली म्हणाल तर तो कागद.

२३ जुलै

पहाटे चारला बारावी बुडाली. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं. नऊपर्यंत निम्मी जनावरं माळावर. निम्मी नाही. "अजून लै लांब हाय पाणी."

२४ जुलै

११ वर येऊन थांबलं. दुपारी परत १२. ऊन पडलं. माळावर वैरण भिजलेली, दूध आटलं, बायका वैतागल्या. एक दादा सगळ्यांदेखत म्हणाले, "उगंच पळीवलंस आमाला." मी गप्प. संध्याकाळी लोक जनावरं परत आणायला लागले. मला विचारलं, आणू का? मी म्हटलं, आणा, पाऊस तर थांबलाय.

हे वाक्य मी लिहून ठेवतोय कारण ते चुकलं.

२६ जुलै

काल राधानगरीचे दरवाजे उघडले. पंचगंगा धोक्याच्या वर. कोयनेतूनही सोडलंय. इथं आभाळ फाटून ऊन, पोरं क्रिकेट खेळतात, आणि घाटावर पाणी गपचूप चढतंय. सकाळी १२, दुपारी ११, रात्री नऊला १०. प्रवाह नाही. एक वाळकी काडी टाकली तर ती जागेवर फिरत राहिली आणि मग हळूहळू वरच्या अंगाला सरकली.

दीड महिन्यापूर्वी पारावर हे मीच समजावलं होतं. आणि परवा पाऊस थांबला म्हणून जनावरं आणा म्हणणारा पण मीच.

रात्री साडेनऊ ते पहाटे तीन, बॅटऱ्या घेऊन, सगळं पुन्हा माळावर. पाणंदीत ओढ्याच्या जागी शेवटची म्हैस काढली तेव्हा पाणी पिंढरीला होतं. परवाचे ते दादा सगळ्यात पुढं, शेजाऱ्याच्या दोन रेड्या ओढत. कुणी कुणाला काही बोललं नाही.

२७ जुलै

८. पाणंद बंद. गल्ली कोरडी.

३० जुलै

५. शाळेत काळजी केंद्र सुरू. म्हातारी माणसं अजून जुन्या नावानं गंजी केंद्रच म्हणतात, आणि पहिल्या दिवशी मिळाली पण गंजीच, म्हणजे भाताची पेज. खालच्या गल्लीतली माणसं स्वतःहून आली, काही माळावर पाहुण्यांकडं. एक आज्जी मांजर पिशवीत घालून आली. यादीत मांजर नव्हतं.

२ ऑगस्ट

४ ला टेकलं. अकरा घरांत पाणी शिरलं, घोट्याएवढं. २०१९ च्या मानानं काहीच नाही, तेव्हा पहिल्या पायरीच्या वर चार फूट होतं. एकही जनावर गेलं नाही. पण हे आमच्या पट्ट्यामुळं का पाणी थांबलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

६ ऑगस्ट

९. पाणंद उघडली. वास सुरू झाला.

१० ऑगस्ट

पिकांची फेरी. मळीच्या (नदीकाठच्या) रानातलं सोयाबीन संपलंय, दोन दिवसांत पिवळं पडलं आणि पाणी उतरेपर्यंत काळं. भुईमुगाच्या आऱ्या (ज्यांना शेंग धरते ते दोरे) कुजल्या. उसाचं एकेक वेगळं. गेल्या साली जुलैत लावलेला अडसाली उंच होता, शेंडा बाहेर राहिला, तो वाचेल. खोडवा बुडाला. शेंडा पाण्याखाली गेला की पोंग्यात (शेंड्याच्या सुरळीत) गाळ बसतो आणि कुजतो, मग बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात. वरून हिरवंगार दिसतं. रस्त्यावरून जाणारा म्हणेल, ऊस तर बरा आहे की. तोडणीला वजन भरत नाही तेव्हा कळतं, पण तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो.

जूनअखेरीस ज्यांनी नवी लावण केली होती त्यांचं बेणं जागेवरच सडलं. बेणं, मजुरी, पहिला खताचा डोस, सगळं.

१४ ऑगस्ट

पंचनामा. तलाठी, कृषी खात्याचा माणूस, पंचायतीचा एकजण. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच, बागायतीला हेक्टरी १७ हजार, तेही दोन हेक्टरपर्यंत. एकराला सात हजारसुद्धा बसत नाहीत. आजच्या दरानं दोन टन उसाचे पैसे. आमच्या मळीत एकरी चाळीस टन निघतो.

अडचण उताऱ्याची. रान आज्ज्याच्या नावावर, करतो नातू, चुलते मुंबईत. पैसे येणार ते फ्रूट्स आयडीला (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) जोडलेल्या खात्यावर, आणि तो आयडी उताऱ्यावरच्या नावाचा. खंडानं रान करणाऱ्याचं तर कागदावर नावच नाही. एका कार्यालयात अर्ज मराठीत होता म्हणून परत दिला. गुरुजींनी बाहेर झाडाखाली बसून कन्नडमध्ये बावीस अर्ज लिहिले. वय चौऱ्याहत्तर. चहा सोडून काही घेतलं नाही.

ज्यांचं घर इकडं आणि रान शिरोळ तालुक्यात, त्यांचा आणखी घोळ. तिकडं सात-बारा, इकडं उतारा. तिकडचा तलाठी विचारतो, राहता कुठं? इकडचा विचारतो, रान कुठं?

२५ ऑगस्ट

दुकानात २७ मोटारी. खोलून, गाळ धुऊन, आत दोनशे वॅटचा बल्ब लावून वाळवतो, मग मेगर (वाइंडिंगमधली गळती तपासायचं यंत्र) लावून बघतो. ज्यांनी वेळेत वर ओढल्या त्यांच्या आल्याच नाहीत, म्हणजे माझ्या पायरीच्या ग्रुपनं माझाच धंदा कमी केला. बायको हे चारजणांत हसून सांगते, घरात तिचा आवाज वेगळा असतो.

८ सप्टेंबर

यंदाची रेघ मारली, चौथ्या पायरीवर, पिवळी. तांबडा पट्टा बारावरून तेरावर नेला. रात्रीच्या अंधारात आणि दुसऱ्यांदा हलताना माणसं हळू चालतात, हे मापात धरलं नव्हतं. भिंतीवर एक ओळ वाढवली: "पाऊस थांबला तरी राजापूर बंधाऱ्यावरचा आकडा उतरेपर्यंत जनावरं आणू नयेत." ती ओळ मीच लिहिली.

माळावर जनावरांसाठी पत्र्याचं छप्पर आणि वैरणीची सोय नसेल तर पुढच्या साली कुणी बारावरही हलणार नाही आणि तेरावरही नाही. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज दिला. पोच घेतली.

सातव्या पायरीचा कोपरा ओंडका आपटून फुटलाय, सिमेंट लावायचं. नळी गवंडीमामांनी दुसऱ्या गावच्या बांधकामावर नेली, ती परत आणायची. पाणंदीकडची तीन घरं मोजायची राहिलीत.